आठ वर्षांचा संघ

बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला काही खोडी कायमच्या जडतात. हॉटेलात बिल आलं की तो पदार्थांची चव विसरून आधी बेरीज तपासतो. लग्नपत्रिकेवर मुहूर्त पाहण्याआधी तारीख सुट्टीची आहे का ते पाहतो. माझी खोड थोडी निराळी आहे. एखादी संस्था बंद पडल्याची बातमी वाचली, की मी तिचा शेवटचा ताळेबंद मनातल्या मनात मांडायला लागतो. देणं किती, येणं किती, आणि कुठल्याच रकान्यात न बसलेलं असं काय काय राहून गेलं?

गेल्या दिवाळीआधी सोलापूरच्या घरी माळा आवरायला घेतला. जुन्या चादरींच्या गठ्ठ्यात एक खेळाडूचा शर्ट निघाला. छातीवर ‘पुणे एफ. सी.’ ही अक्षरं. माझ्या भाच्याचा. तो पुण्यात इंजिनिअरिंगला असताना माझ्याकडे राहायचा, तेव्हाचा. बायको म्हणाली, “पुसायला घेऊ का?” मी शर्ट तिच्या हातून घेतला. ज्या संघाचा हा शर्ट, तो संघ आता नाही. तो २००७ मध्ये जन्मला आणि २०१५ मध्ये संपला. आठ वर्षं म्हणजे आमच्या बँकेतल्या एखाद्या आवर्ती ठेवीची मुदत. फरक इतकाच, की ठेवीची मुदत संपली की ठेवीदाराच्या हातात काहीतरी पडतं.

मी २००९ मध्ये बदलीवर पुण्याला गेलो. बिऱ्हाड सोलापुरातच ठेवलं आणि औंधला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक आटोपली की हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची आणि सोमवारी पहाटे परत, असा शिरस्ता होता. फुटबॉलशी माझा संबंध जेमतेम. आमच्या शाळेत एकच फुटबॉल होता आणि तोही ड्रिल मास्तरांच्या कपाटात. वर्षातून दोनदा तो बाहेर निघायचा, तेव्हा त्यात हवा नसायची. आम्ही गिरणगावातली पोरं. खेळ म्हणजे गोट्या, विटी-दांडू आणि पुढे क्रिकेट.

भाच्याने मात्र पहिल्याच महिन्यात जाहीर केलं, “मामा, या शनिवारी गाडी नाही. बालेवाडीला मॅच आहे.”

“कसली मॅच?”

“पुण्याची. आपल्या संघाची.”

हा मुलगा सोलापूरचा, पुण्यात येऊन त्याला तीन महिने झालेले, आणि संघ ‘आपला’! मला हसू आलं. पण गेलो. म्हाळुंगे-बालेवाडीचं ते अवाढव्य क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाल्या. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये बहुतेक खुर्च्या रिकाम्या. एका कोपऱ्यात मात्र शे-दोनशे पोरं ढोल घेऊन उभी होती आणि नव्वद मिनिटं एकदाही बसली नाहीत. त्या दिवशी कोण जिंकलं ते आज मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की माझी गाडी चुकली आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हा संघ अशोक पिरामल समूहाने काढला होता. पुण्यासारख्या शहराला व्यावसायिक फुटबॉल क्लब असावा, तो नुसता अकरा खेळाडूंचा नसावा, त्याच्या खाली मुलांची अकादमी असावी, कारभार चोख असावा, अशी ती कल्पना. आमच्याकडच्या रीतीने पाहता ही गोष्ट नवलाची. तोवर महाराष्ट्रात मोठे संघ असत ते कंपन्यांचे, बँकांचे, रेल्वेचे. खेळाडू हा आधी नोकर, मग खेळाडू. इथे खेळ हीच नोकरी होती.

पुणे एफ. सी. दुसऱ्या श्रेणीतून सुरू झाला आणि २००९ मध्ये आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च स्पर्धेत चढला. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. याच परेरांनी मुंबईच्या महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती आणि महाराष्ट्रातल्या संघाला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता. पुण्याचा नवा संघ पहिल्याच हंगामात तिसरा आला. पुढे २०१२-१३ मध्ये दुसरा. पुढे होता फक्त गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. २०१४ मध्ये तर आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकात खेळायला हा संघ देशाबाहेर गेला. सहा-सात वर्षांच्या पोराने दहावीला बसावं तसंच हे.

त्या संघात एक खेळाडू होता, अराता इझुमी. वडील भारतीय, आई जपानी, जन्म जपानचा. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारताकडून खेळायचं तर जपानचा पासपोर्ट सोडायला हवा. त्याने तो सोडला. पुण्याच्या संघात असतानाच २०१३ मध्ये तो भारताचा शर्ट घालून मैदानात उतरला. आमच्या पिढीने विमानतळाच्या दिशेने जाणाऱ्या मुलांच्या रांगा पाहिल्या. उलट दिशेने आलेला हा एकटा माणूस बालेवाडीच्या मैदानावर चेंडूमागे धावताना पाहिला, की मी हिशेब विसरायचो. जगातल्या सगळ्यात नव्या देशाचा, दक्षिण सुदानचा, जेम्स मोगाही याच संघातून खेळला. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मला एकदा विचारलं होतं, “हा सुदान कुठं आला हो?” मी म्हटलं, “सध्या तरी बालेवाडीत.”

मग २०१४ साल उजाडलं. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० च्या डिसेंबरात रिलायन्स आणि आयएमजी यांच्या कंपनीशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटींचा करार केला होता. त्याचं फळ म्हणजे इंडियन सुपर लीग. आठ शहरं, आठ नवे संघ, सिनेमातले तारे, परदेशातले नावाजलेले पण उताराला लागलेले खेळाडू, आणि रोज संध्याकाळी दूरचित्रवाणी. पुण्याला त्यात एफ. सी. पुणे सिटी हा संघ मिळाला. हृतिक रोशन सहमालक, इटलीचे फ्रँको कोलोंबा प्रशिक्षक, आणि मैदानात फ्रान्सचा जगज्जेता डेव्हिड त्रेझेगे. त्याच सुमाराला कल्याणी समूहाने भारत एफ. सी. हा तिसरा संघ आणला आणि त्याला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. म्हणजे एका हंगामाच्या अवधीत पुण्यात तीन व्यावसायिक संघ, आणि तिघांचंही मैदान एकच, बालेवाडी. ज्या शहरात पंधरा वर्षांपूर्वी फुटबॉलच्या बातमीला आतल्या पानावर चार ओळी मिळत, तिथे ही चैन.

मी तेव्हा बदली होऊन सोलापूरला परतलो होतो. भाचा पुण्यात नोकरीला लागला होता. फोनवर मी म्हटलं, “मजा आहे रे तुमची.” तो म्हणाला, “मामा, एका घरात तीन चुली पेटल्यात. लक्षण बरं नाही.”

त्याचं खरं निघालं. २०१५ मध्ये पुणे एफ. सी. बंद झाला. त्याची अकादमी एफ. सी. पुणे सिटीने विकत घेतली. भारत एफ. सी. अकरा संघांत अकरावा आला आणि एका हंगामात दुकान बंद करून गेला. इथे एक गंमत सांगतो, जी कुठल्याही हिशेबनिसाला रडवील. थेट प्रवेशाने आलेल्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे अकराव्या क्रमांकावरच्या भारत एफ. सी.ला संरक्षण मिळालं आणि दहावा आलेला गोव्याचा डेम्पो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता, खाली गेला. ज्याला वाचवलं तो काही महिन्यांत स्वतःच संपला. ज्याला बुडवलं तो मात्र आपल्या गावात टिकून राहिला आणि वर्षांनंतर, २०२४-२५ मध्ये, पुन्हा आय-लीगमध्ये दिसला.

पुढच्या हंगामात हेच पुन्हा घडलं. पुण्याच्या जुन्या शिवाजियन्स क्लबला डीएसके समूहाने हाताशी धरलं होतं. त्यांचा संघ आय-लीगमध्ये थेट आला, २०१५-१६ मध्ये नऊ संघांत शेवटचा ठरला आणि नियमाने वाचला. त्याच्या वरचा, मिझोरामचा ऐझॉल एफ. सी., खाली गेला. गोव्याच्या संघांनी पुढे माघार घेतल्यामुळे ऐझॉलला परत बोलावलं गेलं, आणि २०१६-१७ ची आय-लीग त्यांनी जिंकली! डोंगरातल्या एका छोट्या गावाने मोठमोठ्या शहरांना मागे टाकलं. आणि डीएसके शिवाजियन्स? २०१७ मध्ये तेही थांबले.

राहिला एफ. सी. पुणे सिटी. २०१७-१८ मध्ये तो चौथा आला आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीतला सामना बंगळुरूविरुद्ध गोलशून्य सुटला; बंगळुरूला सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि पुणे ३-१ असं हरलं. त्या रात्री भाच्याचा फोन आला नाही. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींत हाही संघ मिटला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली.

आमच्या सोलापुरात पूर्व भागात पद्मशाली विणकरांची वस्ती आहे. तेलुगू बोलणारी, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली माणसं. तिथल्या एका यंत्रमागधारक मित्राने मला चिडवलं, “बघा साहेब, पुण्याचा संघ शेवटी आमच्याकडं आला.” मी म्हटलं, “जपून ठेवा.” हैदराबादने २०२१-२२ ची आयएसएल जिंकलीदेखील. पण २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला हलला. मित्राला मी चिडवलं नाही. त्याचं मागाचं दुकान ज्या वर्षी बंद झालं, ते वर्ष मला ठाऊक होतं.

सोलापूरच्या माणसाला ‘बंद पडणं’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आमच्या गावाची घड्याळं गिरणीच्या भोंग्यावर लागत. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, जिला आम्ही जुनी मिल म्हणतो, ती १९४९ मध्ये बंद पडली तेव्हा सरकारला खास अध्यादेश काढून कारभार हातात घ्यावा लागला, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कायद्याचे विद्यार्थी आजही तो खटला अभ्यासतात. माझे वडील गिरणीत जॉबर होते. भोंगा वाजायचा थांबला त्यानंतरही कित्येक महिने ते पहाटे त्याच वेळी उठून बसत. कारखाना बंद झाल्याची नोंद कंपनीच्या दप्तरात एका ओळीची असते. उठून बसणाऱ्या माणसांची नोंद कुठेच नसते.

आता मला एक कबुली द्यायची आहे. पुण्याचे संघ कुणी काढले आणि कुणी बंद केले, यावर बोट ठेवण्याचा अधिकार मला कितपत आहे, ते वाचकांनीच ठरवावं.

एके काळी आमच्या बँकेचा फुटबॉल संघ होता. बँकेचं नाव घेत नाही. खेळाडूंना कारकून म्हणून नेमत, ते सकाळी सराव करत, दुपारी काउंटरवर बसत. नव्वदचं दशक संपता संपता सगळीकडे काटकसरीचे वारे वाहू लागले. मी तेव्हा विभागीय कार्यालयात होतो. अनुत्पादक खर्चांची यादी करण्याचं काम माझ्या टेबलावर आलं. मी ते मन लावून केलं. फुटबॉल संघाच्या रिकाम्या होणाऱ्या जागा भरू नयेत, क्रीडा अनुदान टप्प्याटप्प्याने थांबवावं, असं दीड पानाचं टिपण मी लिहिलं. भाषा चांगली होती. वरिष्ठांनी कौतुकही केलं. वाचलेली रक्कम आमच्या एखाद्या मध्यम शाखेच्या एका बुडीत कर्जाएवढीही नव्हती.

टिपण मंजूर झाल्यावर संघातला एक खेळाडू माझ्याकडे आला. डाव्या बाजूचा मध्यरक्षक. वय पस्तिशीचं.

“साहेब, आमच्या नोकऱ्या तर जाणार नाहीत ना?”

“छे छे. नोकऱ्या पक्क्या आहेत.”

“मग ठीक.” तो जायला वळला, पुन्हा थांबला. “पण साहेब, शनिवारी दुपारी आम्ही करायचं काय?”

मी काहीतरी विनोद केला. तो हसला आणि गेला. पुढे बालेवाडीला कोपऱ्यातले ढोल ऐकताना मला तो पाठमोरा आठवायचा. मी दरवेळी भाच्याबरोबर मैदानावर जात राहिलो, त्याला हेही एक कारण असावं.

हिशेबशास्त्रात एक गमतीचा नियम आहे. तुम्ही दुसऱ्याचा धंदा विकत घेतलात आणि मालमत्तेच्या किमतीहून जास्त पैसे मोजलेत, तर ती जास्तीची रक्कम ‘गुडविल’ म्हणून तुमच्या ताळेबंदात दाखवता येते. पण तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं कष्ट करून लोकांत जी पत मिळवता, ती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवायची नाही. स्वतः कमावलेल्या गुडविलची किंमत शून्य. हिशेबाच्या दृष्टीने नियम बरोबर आहे. नाहीतर प्रत्येक जण आपल्या अब्रूची हवी ती रक्कम मांडील. पण फुटबॉल क्लब म्हणजे याच न दिसणाऱ्या मालमत्तेचा ढीग असतो. पुणे एफ. सी. बंद झाला तेव्हा अकादमीला गिऱ्हाईक मिळालं. कोपऱ्यातल्या त्या पोरांना, त्यांच्या शनिवारांना, चुकलेल्या गाड्यांना गिऱ्हाईक कुठून मिळणार?

मालकांना दोष देणं सोपं आहे. मला ते करायचं नाही. पिरामलांनी संघ नीटनेटका चालवला, अकादमी काढली. हे ज्यांनी पाहिलं ते नाकारणार नाहीत. व्यावसायिक क्लबचा जमाखर्च एकदा कागदावर मांडून पाहा. खर्चाच्या बाजूला खेळाडूंचे, प्रशिक्षकांचे पगार, परदेशी खेळाडूंची घरं, मैदानाचं भाडं, शिलाँगपासून मडगावपर्यंतचा विमानप्रवास. जमेच्या बाजूला तुरळक तिकीटविक्री आणि एखाद-दुसरा पुरस्कर्ता. युरोपात क्लब जगतात ते दूरचित्रवाणीच्या हक्कांवर. आय-लीगच्या क्लबांच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नसे. उरलेली खिंडारं मालकाने दरवर्षी स्वतःच्या खिशातून बुजवायची. त्यात देशात दोन लीग आल्या आणि उद्या आपली लीग पहिल्या दर्जाची राहील की दुसऱ्या, हेच कळेना. कोणता ऋण अधिकारी अशा प्रकल्पाला कर्ज मंजूर करील? मी तरी केलं नसतं. महिंद्र युनायटेड अठ्ठेचाळीस वर्षांनी २०१० मध्ये बंद झाला, पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये, मुंबई एफ. सी. २०१७ मध्ये. एवढे शहाणे लोक जेव्हा एकाच खड्ड्यात पडतात, तेव्हा चूक चालणाऱ्यांपेक्षा रस्त्याची अधिक असते.

मग न पडलेले कोण? त्यासाठी मला पुण्याहून कोल्हापूरला जावं लागतं.

पुण्याच्या आधी, नव्वदच्या दशकात, मी तीन वर्षं कोल्हापूरला होतो. रुजू झालो त्याच आठवड्यात आमच्या शिपायाने सांगितलं, “साहेब, आज दुपारी काउंटरला कोण येणार न्हाई. शाहू स्टेडियमवर मॅच हाय.” मला वाटलं, थट्टा करतोय. दुपारी शाखा खरोखरच ओस पडली. शेवटी मीही गेलो. दगडी पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. एका बाजूला शिवाजी पेठ, दुसऱ्या बाजूला मंगळवार पेठ. संघांची नावं ऐका: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीने भरलेल्या तालमींनी पुढे फुटबॉलही आपलासा केला. पेठेची तालीम, तालमीचा गणपती आणि तालमीचा फुटबॉल संघ, हे सगळं एकाच वर्गणीच्या वहीत.

कोल्हापूरला मी स्वर्ग म्हणत नाही. सामन्यानंतरच्या हाणामाऱ्या मी पाहिल्या आहेत, हंगाम मध्येच थांबवावा लागल्याच्या बातम्याही वाचल्या आहेत. त्या तालमींपैकी एकही देशातल्या वरच्या लीगमध्ये पोचली नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा. पण मोठं व्हायला त्याला गाव सोडावंच लागलं. पेठेकडे प्रेम होतं. फिजिओ नव्हता, अकादमी नव्हती. पुण्याकडे ते सगळं होतं, पेठ नव्हती. आमच्या महाराष्ट्राच्या फुटबॉलची शोकांतिका या दोन वाक्यांत मावते, असं मला वाटतं.

पेठ असली म्हणजे काय होतं? संघ हरला म्हणून तालीम बंद पडत नाही. पुरस्कर्ता गेला तर वर्गणी वाढते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संघ बंद करायचा असेल तर ते कुणाला सांगायचं, हाच प्रश्न पडतो. कारण तो कुणा एकाचा नसतोच.

जगाने हे आपापल्या परीने ओळखलं आहे. जर्मनीत नियम आहे की क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मतं, काही अपवाद सोडले तर, सभासदांच्याच हाती हवीत. गुंतवणूकदार कितीही मोठा असो. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ मालकांनी दूरच्या मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं, तेव्हा चाहत्यांनी २००२ मध्ये स्वतःचा नवा क्लब काढला, बऱ्याच खालच्या श्रेणीतून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये आणून दाखवला. आपल्याकडेही १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानने २०२० मध्ये पैशासाठी हातमिळवणी केली आणि नावापुढे दुसऱ्या क्लबची अक्षरं लागली. कोलकात्याच्या माणसांनी ती तीन वर्षं मान्य केली नाहीत. २०२३ मध्ये ती अक्षरं काढावी लागली. पैसा मालकाचा, पण नाव आमचं, असं ठणकावणारं कुणीतरी तिथे होतं. बालेवाडीच्या कोपऱ्यात शे-दोनशे होते, आणि त्यांच्या हाती ढोल सोडून काही नव्हतं.

नवल याचं वाटतं, की हे आपल्या महाराष्ट्रात सुचू नये! साखर कारखाना आपण सभासदांच्या भागांवर उभा केला, दूध संघ, सूतगिरण्या, बँका, पतपेढ्या उभ्या केल्या. सहकाराचे धिंडवडेही मी खुर्चीत बसून जवळून पाहिले आहेत. त्याची भाबडी भलामण मी करणार नाही. पण शंभर रुपयांचा भाग घेतलेला शेतकरी कारखान्याच्या वार्षिक सभेत उभा राहून अध्यक्षाला घाम फोडतो, हेही पाहिलं आहे. पुण्यातल्या दहा हजार माणसांनी हजार-हजाराचे भाग घेतले असते, तर पगार निघाले नसते हे मला कळतं. मोठा पैसा उद्योगपतीच घालणार. परंतु संघ बंद करायचा झाल्यास या दहा हजारांना सभेची नोटीस पाठवावी लागली असती. त्यांनी आरडाओरडा केला असता, दुसरा मालक शोधला असता, निदान खालच्या श्रेणीत का होईना, नाव जिवंत ठेवलं असतं.

पंधरा वर्षांचा तो करार संपत आला, तसा २०२५ च्या जुलैत आयोजकांनी आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवून ठेवला. देशातले मोठमोठे क्लब खेळाडूंचे पगार कसे द्यायचे या विवंचनेत पडले. तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, आपण दहा वर्षं आधी यातून गेलो.” त्याच्या बोलण्यात मत्सर नव्हता. ज्या घरात एकदा तार आलेली असते, तिथल्या माणसाला दुसऱ्याच्या दारातला पोस्टमन ओळखू येतो.

भाचा आता सोलापुरात परतला आहे. घरून कॉम्प्युटरवर काम करतो. दर रविवारी सकाळी गल्लीतली पोरं गोळा करून गावाबाहेरच्या एका मोकळ्या जागेत फुटबॉल शिकवतो. जागा उसनी आहे. मालक कधीही कुंपण घालील. पोरांत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांतून आरडाओरड चालते आणि चेंडू मागायची भाषा मात्र एकच असते. संघाला नाव नाही. मी विचारलं तर म्हणाला, “नाव पोरं ठरवतील. त्यांचा संघ आहे.”

तो माळ्यावरचा शर्ट मी त्याला नेऊन दिला. त्याने तो क्षणभर हातात धरला, मग अंगाने भरलेल्या एका पोराला दिला. सध्या तो पोरगा त्यात गोलकीपर म्हणून उभा राहतो. शर्ट त्याला गुडघ्यापर्यंत येतो.

आणि मला त्यांनी काम दिलं आहे. वर्गणीची वही माझ्याकडे असते. प्रत्येक पोराच्या घरून महिन्याला वीस रुपये. ज्याला जमत नाही त्याच्या नावापुढे मी रेघ मारत नाही, जागा मोकळी ठेवतो. पहिल्या पानावर मी एक नियम लिहून घेतला आहे आणि खाली सगळ्या आईबापांच्या सह्या घेतल्या आहेत, काहींचे अंगठे. नियम असा, की हा संघ बंद करायचा तर सगळ्यांना एकत्र बसवून विचारल्याशिवाय करता येणार नाही.

त्या पानावर शेवटची सही माझी आहे. गेल्या रविवारी नवा चेंडू घेतला. शिल्लक दोनशे चाळीस रुपये.